तुझ्या पुढे कोण उभी राहायची?

मुलांच्या शाळेत नोकरी केलेल्या मास्तरांचा मला फार हेवा वाटतो. त्यांचा विद्यार्थी हजेरीपटावर ज्या नावाने असतो, त्याच नावाने पुढे दारावरच्या पाटीवर असतो आणि त्याच नावाने शोकसभेच्या फलकावर. नाव माहीत असलं की माणूस सापडला. आमचं तसं नाही. आमच्या मुलीचं आडनाव लग्नात जातं आणि बऱ्याच घरांत पहिलं नावही जातं. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने त्यात अंगठीने नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवून पेढे खायचे. पेढे मीही खाल्ले आहेत. पण हल्ली असं ताट पाहिलं की मनात येतं, गेली! आणखी एक गेली! आता हिला शोधू कुठे?

कारण शोधायचं काम माझ्याकडे आहे. नागपुरात कॅथलिक सिस्टरांनी चालवलेल्या मुलींच्या एका जुन्या शाळेत मी उभं आयुष्य पी.टी. शिकवली. निरोपसमारंभात हार गळ्यात असतानाच आमच्या प्रिन्सिपल सिस्टर फिलोमिना कानाशी येऊन म्हणाल्या, "मिस, घरी बसून तुम्ही काय करणार? सुनेच्या मागे शिट्टी वाजवणार. त्यापेक्षा इथे या. आपल्या जुन्या मुली कुठे कुठे आहेत, बघा जरा." सुनेला हे नंतर कळलं, तेव्हा तिने सिस्टरांना केक पाठवला.

कामाला पगार नाही. स्टाफरूमच्या कोपऱ्यात एक स्टूल मिळालं, आणि पूर्वी एक फोन होता, आता माझाच मोबाइल. काम ऐकायला सोपं आहे: शाळेतून गेलेल्या मुलींना शोधायचं, एकमेकींशी जोडायचं, आणि डिसेंबरात नाताळच्या आधीच्या एका रविवारी शाळेच्या मैदानावर आणून उभं करायचं. पूर्वी हा मेळावा दसऱ्याच्या सुमारास असे. पण तेव्हा अर्ध्याअधिक मुलींच्या घरी दीक्षाभूमीवर आलेले पाहुणे उतरलेले असतात आणि उरलेल्या सोनं वाटत फिरत असतात. मग डिसेंबर ठरला. ऊनही जरा शहाणं झालेलं असतं.

आता त्या पी.टी. टीचरबद्दल सांगते, म्हणजे माझ्या तरुणपणाबद्दल. तुम्ही हसा, मी मनावर घेणार नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा पंचविशीची होते आणि मला जगातलं सगळं कळत होतं. पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात लाल फितीची शिट्टी आणि पर्समध्ये सुतळीचं बंडल. सुतळी कशाला? तर ओळ सरळ आहे का ते तपासायला. सकाळच्या प्रार्थनेआधी सुतळीचं एक टोक पहिल्या मुलीच्या हातात द्यायचे आणि दुसरं धरून शेवटापर्यंत चालत जायचे. जिचा खांदा सुतळीला लागला, ती वाकडी! माझ्या लग्नात मी सप्तपदी लेफ्ट-राइट करत चालले, असं माझी नणंद अजून सांगते. मी ते नाकारत नाही, कारण मला आठवत नाही आणि माझ्या पायांचा काही भरवसा नव्हता.

माझे नियम होते. बुटकी पुढे, उंच मागे. बोलायचं नाही, वळायचं नाही, पुढचीच्या मानेकडे बघायचं. आणि प्रार्थना सुरू झाल्यावर जी येईल तिने दप्तरासकट मैदानाला एक फेरी मारायची, मगच ओळीत शिरायचं. एकदा सिस्टर मला हळूच म्हणाल्या, "मिस, मुली देवाकडे बघायचं सोडून मानेकडे बघून राहिल्या." त्यावर मी काय उत्तर दिलं असेल? "सिस्टर, देव सरळ ओळीतच दिसतो." मी खरंच असं म्हणाले होते. आज आठवलं की उशीत तोंड खुपसावंसं वाटतं. सिस्टर मात्र गंभीर चेहरा करून "असं का?" म्हणाल्या आणि चॅपलमध्ये निघून गेल्या. आत जाऊन त्या किती हसल्या असतील, ते त्यांच्या देवालाच माहीत.

गंमत अशी की म्हातारपणी माझं सगळं काम ह्याच खुळ्या हुकमावर चाललं.

सुरुवातीला मी शहाण्यासारखी शाळेतले जुने पत्ते घेऊन निघाले होते. महालातल्या पत्त्यावर मोबाइलचं दुकान निघालं. कामठीच्या पत्त्यावर विचारलं, तर वडील कँटोन्मेंटातून बदलून गेल्याला जमाना झालेला. ज्या सापडल्या त्यांना विचारावं, वर्गात आणखी कोण होतं गं? तर पाच-सहा नावं सांगून गाडी थांबायची. पहिली येणारी, गाणारी, मार खाणारी. बाकीच्या जणू बाकांवर नव्हत्याच. मग एकदा वैतागून एकीला विचारलं, "बरं, ओळीत तुझ्या पुढे कोण उभी राहायची?"

तिने क्षणही लावला नाही. "मंदा, टीचर. रिबन नेहमी सुटलेली. डाव्या कानामागे तीळ."

"आणि मंदाच्या पुढे?"

"ते मंदालाच माहीत. मी कशी पाहणार? तुम्ही हलू द्यायच्या का?"

म्हणजे बघा. वर्षानुवर्षं रोज सकाळी जिच्या मानेकडे बघत उभं राहिलं, ती मान माणूस विसरत नाही. एकीकडून तिची पुढची, त्या पुढचीकडून तिची पुढची, अशी मी वर्गच्या वर्ग उलगडत गेले. स्वेटरचं एक टोक हाती लागलं की तो सरसर उसवत येतो ना, तसं. नवी मुलगी सापडली की मी आजही तिला नवरा काय करतो, मुलं किती, असलं काही विचारत नाही. पहिला प्रश्न एकच: तुझ्या पुढे कोण उभी राहायची?

त्या मंदाचंच ऐका. तिच्या मावसभावाकडून अमरावतीचा नंबर मिळाला. फोन केला. एक बाई म्हणाली, "इथे मंदा कोणी नाही, राँग नंबर." ठेवला. पुढच्या वर्षी पुन्हा केला. तीच बाई, तेच उत्तर. मी चिकट. तिसऱ्या वर्षी पुन्हा. पुन्हा राँग नंबर. मी फोन ठेवून पोळ्या लाटायला घेतल्या, तेवढ्यात फोन वाजला.

"टीचर, तुम्ही मंदाले विचारत होत्या ना? ती मीच आहे."

"मग तीन वर्षं मला काय सांगून राहिली होतीस?"

"खरंच लक्षात नाही आलं वं टीचर! मी इकडे स्नेहल आहे ना. माय गेल्यापासून त्या नावानं कोणी हाक नाही मारली. आत्ता भाजी निवडता निवडता वाटलं, मंदा, मंदा... अरे, ही तर मीच!"

"गाढव कुठली. मैदानाला फेरी मार," मी म्हटलं. दोघी हसलो. मग ती म्हणाली, "टीचर, अजून एकदा म्हणा ना."

"काय म्हणू? गाढव?"

"नाही. मंदा."

मी आपली हजेरी घेतल्यासारखं मोठ्याने "मंदा!" म्हटलं आणि तिकडून आवाज आला, "हजर."

आता व्हॉट्सअॅप आलं आणि काम सोपं झालं असं सगळ्यांना वाटतं. ग्रुपची अॅडमिन मी. पहाटेपासून गुलाबाची फुलं येऊन पडतात. एकीने मिठाचं पाणी प्यायला सांगितलं की दुसरी डॉक्टर झालेली तिच्यावर धावून जाते. दोघी वर्गातही भांडायच्या, विषय फक्त तेव्हा कंपासपेटीचा होता. मी मध्ये पडते आणि लिहिते, "सावधान!" दोन तास शांतता असते. मेळाव्यात तर माझ्या शिट्टीची खरी जादू दिसते. एक पोलीस इन्स्पेक्टर आहे, एक कॉलेजची प्राचार्य आहे. काठापदराच्या साड्या, डोक्यात गजरे, हातात तर्री-पोह्यांच्या प्लेटा. मी शिट्टी फुंकली की प्लेटा खाली आणि सगळ्या आपापल्या वर्गाच्या ओळीत, उंचीप्रमाणे. उंची आजची नाही बरं, तेव्हाची. कोणाची पाठ वाकली आहे, कोणी उंच टाचेची चप्पल घातली आहे, पण जागा तीच. एका वर्षी एक सासू आणि तिची सून दोघीही आमच्याच निघाल्या. घरी दोघींचं पटत नव्हतं. मेळाव्यात मात्र सासूबाईंना ओळीत बोलल्याबद्दल हात वर करून उभं राहायची शिक्षा झाली, आणि सून पुढचं वर्षभर खूष होती.

पण शोधून न सापडणाऱ्या मुलींचा एक प्रकार असतो, आणि तो मला फार उशिरा कळला. त्या पुण्या-अमेरिकेला गेलेल्या नसतात, इथेच असतात. लपलेल्याही नसतात. आपल्याला कोणी बोलावत असेल, असं त्यांच्या मनातच येत नाही. ह्या म्हणजे दहावीला नापास झालेल्या. आमच्या हॉलमध्ये बोर्डात आलेल्या मुलींचे फोटो लावलेले आहेत, छान फ्रेम करून. नापास झालेली मुलगी त्या हॉलमधून शेवटची बाहेर पडते आणि स्वतःच स्वतःचं नाव कापून टाकते. शाळेला काही करावं लागत नाही.

पुष्पा त्यातली.

मंदाच्याच वर्गातली. त्या वर्गाची ओळ कोणीही पाहिली की ओळखू यायची, कारण तिच्यात खिंडार होतं. ओळीत सगळ्यात शेवटी, सगळ्यात उंच, सुधा. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाली, प्रताप नगरात माझ्या मागच्याच गल्लीत राहते आणि माझे गुडघे संपावर गेल्यापासून मला स्कूटीवर फिरवते. पहिल्या मेळाव्यात मी तिला म्हटलं, "सुधा, पुढे सरक, मध्ये जागा सुटली."

"नाही टीचर. माझ्या पुढे पुष्पा आहे."

माझ्यातली सुतळीवाली जागी झाली होती, पण सुधाचा चेहरा पाहून मी पुढच्या ओळीकडे वळले. दरवर्षी ती एका माणसाइतकी जागा सोडून उभी राहायची. मग एकदा तिने सांगितलं. दहावीचा निकाल शाळेत लागला तेव्हा दोघी हात धरून आल्या होत्या. फळ्यावर सुधाचा नंबर होता, पुष्पाचा नव्हता. सुधाला मैत्रिणींनी ओढत गेटबाहेर बर्फाचा गोळा खायला नेलं. गोळा अर्धा झाल्यावर तिने मागे वळून पाहिलं, तर पुष्पा निघून गेली होती.

"घरी गेली नाहीस?"

"काय बोलावं ते समजत नव्हतं टीचर. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिली. मग माझं कॉलेज सुरू झालं. मग त्यांनी घर बदललं."

त्यानंतर ती पुष्पा कोणालाच दिसली नाही. लग्न झालं एवढं कळलं, नाव काय ठेवलं ते कळलं नाही. माझी सगळी हिकमत तिथे थांबली. सुधाला तिच्याबद्दल विचारलं, तर मान तेवढी पाठ होती: दोन वेण्यांच्या मधोमध चिंचोक्यासारखा गडद डाग. आता असा डाग घेऊन मी नागपूरभर काय बायकांना पदर बाजूला करायला सांगू?

गेल्या वर्षी जूनमध्ये माझ्या नातीचा, रेवाचा, युनिफॉर्म घ्यायचा होता. ती आमच्याच शाळेत पाचवीत गेली. एरवी हे काम सून करते, पण तिच्या ऑफिसात घाई होती. सुधाच्या स्कूटीवरून आम्ही महालात गेलो. बोळात 'अर्चना ड्रेसेस' म्हणून दुकान आहे, सगळ्या शाळांचे युनिफॉर्म तिथेच शिवले जातात. शाळा उघडायच्या आधीचा आठवडा, त्यामुळे आयांची ही झुंबड. कूलर नुसता गरम वारा फेकत होता. आत तीन-चार मशिनी चालू होत्या. सुधा मला तिच्या गुडघ्याच्या एक्स-रेबद्दल सांगत होती आणि वाक्याच्या मध्येच थांबली. माझं मनगट तिने इतक्या जोरात धरलं की बांगडी रुतली.

"टीचर. ती मान."

मागच्या मशिनीवर एक बाई आमच्याकडे पाठ करून बसली होती. पिकलेल्या केसांचा अंबाडा, खाली वाकलेलं डोकं, आणि मानेवर चिंचोका.

"पुष्पे!" सुधा ओरडली. मशीन थांबली आणि पुन्हा सुरू झाली. बाई मागे न बघता म्हणाली, "लाईनीत या मॅडम. माप घेणारी पोरगी पुढे आहे."

"पुष्पा, मी सुधा."

"माहीत आहे मले. तुझा भोंगा अजून तसाच फाटका आहे."

मग ती उठली. मला नमस्कार केला, स्टूल ओढून बसवलं, पाणी दिलं. "तुमच्या नातीचा स्कर्ट मीच शिवते टीचर, बालवाडीपासून. तुमच्या शाळेच्या सगळ्याच पोरींचे शिवते." सुधाला मात्र तिने बस म्हटलं नाही. मी लगेच माझा धंदा सुरू केला. डिसेंबरात मेळावा असतो, तू आलंच पाहिजेस वगैरे.

"मी कायले येऊ टीचर? मी काही तुमच्या शाळेची पास झालेली नाही."

"माजी विद्यार्थिनी म्हणजे पास झालेलीच असं कुठे आहे?"

"नाही कसं? हॉलमध्ये फोटो कोणाचे आहेत?"

मी माझं हुकमी पान टाकलं. "अगं, सिस्टर फिलोमिना तुझी नेहमी आठवण काढतात."

"काढत असतील. मागच्या महिन्यातच आल्या होत्या, नव्या कापडाचा नमुना घेऊन. मले अर्चनाबाई म्हणतात, सासरच्या नावानं. पुष्पा कोण ते त्यांना ठाऊक पण नाही." आणि ती माझ्याकडे बघून हसली. लबाडी पकडली गेली की ह्या वयातही कान तापतात.

तेव्हा सुधा बोलली. "मी दरवर्षी तुझी जागा ठेवते पुष्पा. कोणाले उभं राहू देत नाही."

पुष्पाचं हसू गेलं. "जागा ठेवून काय करून राहिली वं? माझं घर काय लंडनले होतं? शाळेच्या मागची गल्ली. जागा ठेवायपेक्षा तिथं यायचं होतं. मी खिडकीत बसून राहायची, तू येशील म्हणून. माय म्हणे, उठ आता, नाही येत कोणी. मी म्हणे, सुधा येते. मग मामीकडं पाठवलं मले शिवण शिकायले. तिथं मशिनीपाशी खिडकी नव्हती."

सुधा इतकी उंच बाई, पण त्या क्षणी ओळीत सगळ्यात पुढे उभी करावी अशी दिसत होती. पुष्पाने टेप गळ्यात टाकली आणि बाहेरच्या गर्दीकडे बघून म्हणाली, "हो, पुढची कोण? या."

आमच्या कामात हे मी फार वेळा पाहिलं आहे. सापडणं वेगळं आणि येणं वेगळं. परत येताना मी सुधाला म्हटलं, सोड आता. तिला राग आहे, राहू दे, तिचा हक्क आहे. सुधाने हो म्हटलं. पी.टी. टीचरना मुली नेहमी हो म्हणतात.

आठवड्याने रेवाचा स्कर्ट घरी आला. कमरेचं बटण इतकं वाकडं लावलं होतं की स्कर्ट एका बाजूने वर चढत होता. मी दुकानात फोन लावला.

"अर्चनाबाई, हे काय बटण आहे?"

"तुमच्या बँकवाल्या मॅडमनं लावलं आहे टीचर! रोज दुपारी येऊन बसते. मी म्हटलं जा, तर जात नाही. म्हणे काम दे. मग दिले काज-बटण." मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "नापास केलं मी तिले. उसवून पुन्हा लावायले सांगितलं."

"मग स्पष्ट सांग ना, येऊ नको म्हणून."

"मी कायले सांगू? सीझन आहे. हात कमी पडून राहिले."

जून संपला, सीझन संपला, पावसाळा गेला. सुधाचं दुपारचं जाणं काही थांबलं नाही. दिवाळीच्या फराळाला ती आली तेव्हा तिच्या बोटांवर सुईच्या टोकांचे डाग होते. मी विचारलं, "मेळाव्याला येणार का ती?"

"विचारलंच नाही टीचर."

"मग इतके महिने बोलता काय?"

"काही नाही. ती म्हणते उसव, मी उसवते." चकली मोडत ती म्हणाली, "आता पाचातली तीन बटणं पास करते."

डिसेंबर आला. मैदानावर थंडीचं कोवळं ऊन, कडेच्या दगडी गुहेतल्या मरियमच्या पुतळ्यापुढे शेवंतीच्या माळा, आणि तर्रीच्या वासाने अख्खी शाळा शिंकत होती. मी शिट्टी वाजवली. ओळी लागल्या. मंदा अमरावतीहून आली होती, रिबनच्या जागी आता गजरा होता आणि तोही सुटलेला. मी सवयीने त्या वर्गाच्या ओळीच्या टोकाकडे पाहिलं, तर खिंडार नव्हतं. सुधा पुढे सरकून उभी होती.

मी तिच्याजवळ गेले. "काय गं?"

"तीच बरोबर होती टीचर. जागा ठेवून काय होते? मलेच बरं वाटावं म्हणून ठेवत होती मी." ती समोर बघत राहिली. "दुपारी जाईन तिच्याकडं. आज रविवार आहे, पण ती दुकानातच असते."

ओळ सरळ झाली होती. सुतळी लावली असती तरी कोणाचा खांदा लागला नसता. जन्मभर जिच्यासाठी घसा कोरडा केला ती सरळ ओळ समोर होती, आणि मला ती बघवेना. सिस्टर फिलोमिना आता काठी टेकत चालतात. त्यांनी माइक घेतला आणि प्रार्थना सुरू झाली.

प्रार्थना निम्म्यावर आली असेल, तेव्हा गेटचं लोखंडी दार करकरलं. माना वळायला लागल्या. मी हात वर केला, तशा पुन्हा समोर. गेटमधून एक बाई आत आली. हिरवी सुती साडी, खांद्याला कापडाची जाड पिशवी. ती मैदानाच्या कडेला येऊन थांबली आणि प्रार्थना संपेपर्यंत तिथेच उभी राहिली, हात जोडून. मग ओळीच्या टोकाशी आली.

"काहून वं," ती सुधाच्या पाठीशी उभी राहून म्हणाली, "जागा ठेवते म्हणत होती ना?"

सुधा दचकून वळली. मग घाईघाईने मागे सरकायला लागली, तर पुढची पण गोंधळून मागे आली, आणि सगळीच ओळ एकमेकींच्या पायांवर पाय देत हलायला लागली. "ये, ये, इथं ये," सुधा म्हणत होती.

"थांब," पुष्पा म्हणाली आणि माझ्याकडे आली. "टीचर, लेट आली. प्रार्थना सुरू झाली होती. फेरी मारावी लागंन."

"अगं, काहीतरीच काय पुष्पा. ह्या वयात फेरी कसली? जा, उभी राहा आपल्या जागेवर."

"काहून?" तिने पिशवी खांद्यावर नीट चढवली. "नापास झालेल्यांले नियम नाहीत का?"

मी आजवर हजारो वेळा शिट्टी वाजवली असेल, पण त्या दिवशी ती ओठांपर्यंत आणायला मला जरा वेळ लागला. फुंकली. म्हटलं, "पुष्पा, उशीर! दप्तरासकट मैदानाला एक फेरी!"

"यस टीचर," ती म्हणाली आणि निघाली.

धावणं कसलं, चालणंच ते. मशीन चालवून चालवून तिचा उजवा पाय जरा ओढत होता. दोन-चार पावलं गेली असेल, तोच सुधा ओळ सोडून तिच्या मागे निघाली. न विचारता, माझ्या समोरून! मग सुधाच्या पुढची निघाली, मग तिच्या पुढची. मंदा गजरा सावरत पळाली. दुसऱ्या वर्गाच्या ओळीतली इन्स्पेक्टर म्हणाली, "आम्हालाही खूप वेळा लेट झालाय टीचर, तेव्हा पकडल्या गेलो नव्हतो," आणि तिची ओळही गेली. बघता बघता मैदानाच्या मधोमध मी, सिस्टर आणि पोह्यांचं पातेलं एवढेच उरलो.

सिस्टर म्हणाल्या, "मिस, तुम्ही कधी लेट आल्या नाहीत?"

मी शिट्टी ब्लाऊजमध्ये खोचली आणि गुडघ्यांना शिव्या देत निघाले. सगळ्यात शेवटी. जन्मात पहिल्यांदा ओळीच्या आत होते, आणि माझ्यापुढे कोणाची तरी मान होती. एवढी वाकडी ओळ ह्या शाळेने कधी पाहिली नसेल. कोणी धापा टाकत होती, कोणी चप्पल हातात घेतली होती, दोघी मध्येच थांबून फोटो काढत होत्या. आणि सगळ्यांच्या पुढे पुष्पा, तिच्या मागे सुधा, दोघींच्या मध्ये बरोबर एका हाताचं अंतर.

गुहेजवळच्या वळणावर पुष्पाने मागे पाहिलं. लांबून तिचा आवाज मैदानभर आला, "टीचर, लाईन सीधी ठेवा ना!"